तोंड धुताना डोळे मिटतात

आबा पहिल्यांदा पडले ते तोंड धुताना. हे मी आधीच सांगून टाकते, कारण वर्षभर आम्ही डॉक्टरांना हे सोडून बाकी सगळं सांगितलं. बीपी किती होतं, शुगर किती होती, चहा घेतला होता की नव्हता, आदल्या रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला होता आणि ठेचा जरा जास्तच झाला होता, सगळं. पण पडले तेव्हा तोंडाला साबण होता हे कोणी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही म्हणा.

गाव आमचं चोपडा तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. आबांनी जन्मभर केळीच केली. हल्ली ट्रॅक्टर बागेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो, तेव्हा तसं नव्हतं. घड कापला की डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर घड, आणि पाटाच्या ओल्या बांधावरून गाडीपर्यंत चालत जायचं. बांध केवढा, तर एक पाऊल मावेल एवढा. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला चिखल. मजूर कमी पडले की आबा स्वतः घड वाहायचे आणि वाहता वाहता मागच्या माणसाशी गप्पा मारायचे, मान न वळवता, कारण मान वळवली तर घड गेला. मी लहानपणी त्याच बांधावरून मोकळ्या हाताने त्यांच्यामागे चालायची आणि दर दहा पावलांनी माझा पाय पाटात. असा माणूस स्वतःच्या घरात, मोरीच्या सपाट फरशीवर, डोक्यावर काही नसताना आडवा पडतो म्हणजे काय?

जळगावला एका दवाखान्यात दाखवलं. गर्दी होती, नंबर दोन तासांनी लागला, आत दोन मिनिटं. डॉक्टर म्हणाले, चक्कर येते का बाबा? आबा म्हणाले, "चक्कर नही येस, पाय टिकतस नही." डॉक्टरांनी कागदावर चक्कर लिहिलं. मी शेजारीच बसलेली होते, मीही काही बोलले नाही, मलाही तेव्हा वाटलं की हे दोन्ही एकच. चक्करच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळ संध्याकाळ, त्या मग सात महिने चालल्या. आबा दिवसभर पेंगायचे. आम्ही म्हणायचो वय झालं, झोप येणारच.

पण मला जास्त राग येतो तो आम्हीच जे केलं त्याचा. सत्तरीपर्यंत आबा शेतात सायकलने जायचे, ती सायकल भावाने विकून टाकली, आबांना न विचारता, वर सांगितलं की पंक्चर काढायला दिलीय. वहिनी पाण्याचा तांब्या हातात आणून द्यायची, पेपर हातात, चप्पल पायाशी. मी जळगावहून रोज फोन करून तेच, आबा बसा हं, उठू नका, कोणालातरी हाक मारा. आईचं तर पालुपदच झालं, "पडी जाशात!" उठायला गेले की पडी जाशात, बसायला गेले की पडी जाशात. त्यात उन्हाळा आला, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बाहेर कोण सोडणार. ओसरीत प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर आबा, समोर कूलर. सहा महिन्यांत पायजमा मांड्यांवर लोंबायला लागला. आतलं मांस गेलं होतं. पडू नयेत म्हणून आम्ही त्यांना बसवलं आणि बसवल्यामुळे ते आणखी पडण्याजोगे झाले, हे गणित कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्याही.

दुसऱ्यांदा पडले तेव्हा मनगट मोडलं. हात टेकवायला गेले आणि मनगटावरच सगळा भार. प्लास्टर निघाल्यावर मनगट वळेना म्हणून फिजिओथेरपीला पाठवलं, आणि अशी मनगटाच्या रस्त्याने आमच्या घरात ती पोरगी आली. पोरगीच म्हणते, वय असेल २७-२८, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एका गाळ्यात तिचं छोटंसं सेंटर आहे. आबांना तीन महिन्यांसाठी मी जळगावलाच आणून ठेवलं होतं. तिने मनगट हातात घेतलं, दाबलं, वळवलं आणि मान वर न करता विचारलं, "बाबा, पडले कसे?"

म्हणजे कधी नाही, किती वाजता नाही. कसे.

आबांनी सांगितलं. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, तांब्याकडे हात नेला, मग फरशी.

तिने मनगट सोडलं. म्हणाली, बाबा उभे राहा बरं, दोन्ही पाय चिकटवून. उभे राहिले, थोडे हलले पण राहिले. ती त्यांच्या अगदी पाठीशी उभी, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांपासून चार बोटांवर, टेकवलेले नाहीत. आता डोळे मिटा. मी घड्याळ बघत होते, तीन सेकंदपण झाले नसतील, आबा केळीचं झाड वाऱ्याने कलतं तसे सगळेच्या सगळे एका बाजूला कलले आणि तिने धरलं. आबांनी डोळे उघडले आणि इतके घाबरून माझ्याकडे बघितलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग तिने समजावलं. उभं राहायला शरीराला तीन ठिकाणांहून खबर लागते. एक डोळे. दुसरं कानाच्या आत खोलवर असलेलं यंत्र, पाणी भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या आणि त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या. गवंडी पाण्याची नळी घेऊन भिंतीची लेव्हल बघतो ना, साधारण तसलंच काम. नळ्या डोकं फिरलं की सांगतात, पिशव्या डोकं कललं किंवा पुढे सरकलं की सांगतात. आणि तिसरं पाय, म्हणजे तळव्याची कातडी, घोट्याचा सांधा, पोटरीचे स्नायू, हे सतत मेंदूला कळवत असतात की जमीन इथे आहे, भार या बोटावर आहे, घोटा एवढा वाकलाय. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो तो ही खबर जुळवतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. चुलीचे तीन दगड समजा, ती म्हणाली, एक खचला तरी माणूस दोनावर कसंबसं भांडं सांभाळतो. बाबांचा पायाचा दगड खचलाय, आणि ते डोळ्यांच्या जोरावर उभे असतात. तोंडाला साबण लावला की तुम्ही तोपण काढून घेता.

मी घरी येऊन वाचत बसले तर ही टेस्ट चांगली जुनी निघाली. बर्लिनचे मोरिट्झ रोम्बर्ग नावाचे डॉक्टर, एकोणिसाव्या शतकातले. तेव्हा गरमीच्या रोगात, म्हणजे सिफिलिसमध्ये, मणक्यातल्या पायाकडून खबर आणणाऱ्या नसा खराब व्हायच्या, आणि असे रोगी डोळे मिटले की डोलायला लागतात हे त्यांनी लिहून ठेवलं. अशा रोग्यांची एक ओळखीची तक्रार असायची, की सकाळी तोंड धुताना तोल जातो, पार समोरच्या भांड्यावर जातो. दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट. मी ते वाचून बराच वेळ मोबाईल तसाच धरून बसले होते.

पुढच्या वेळी तिने ट्यूनिंग फोर्क काढला, म्हणजे वाजवला की सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा दोन दातांचा धातूचा काटा, तो वाजवून आधी आबांच्या कपाळाला लावला. "गुणगुणस," आबा म्हणाले. मग पायाच्या अंगठ्याच्या हाडावर लावला. आबा वाट बघत राहिले. काय बाबा? "काय काय? लावा ना." तिने कधीचा लावलेला होता. मग नायलॉनच्या दोऱ्यासारखा एक तंतू, तो तळव्याला टोचून विचारायचं कळलं का, उजव्या पायाला दहापैकी चार ठिकाणी कळलं. नंतर आबांनीच हळूच सांगितलं, "पायखाले गादी शे असं वाटस," वर्षभरापासून. मग आधी का नाही बोललात? तर म्हणे चप्पल मऊ असेल असं वाटलं.

तिने फिजिशियनकडे पाठवलं, तिथे रक्त तपासलं, व्हिटॅमिन बी-१२ तळाला गेलेलं. आबांना शुगर १५ वर्षांपासून, तिची मेटफॉर्मिनची गोळी तेव्हापासून, माळकरी माणूस, मांस-मटण-अंडं कधी नाही, दूधसुद्धा चहापुरतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं आणि बी-१२ कमी झालं की नसा झिजतात, शुगर तर नसा खातेच. दोघांनी मिळून पाय पोखरले होते. इंजेक्शनं सुरू झाली. चक्करच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, कारण त्या गोळ्या कानाचा आवाज दाबतात, आणि इथे डोळे मिटले की कान हाच एक धड साक्षीदार उरणार आणि आम्ही सात महिने त्याच्याच तोंडावर हात ठेवलेला. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, की असा हळूहळू गेलेला तोल वेगळा, पण अचानक तोल गेला आणि बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचं दोन दिसायला लागलं तर फिजिओ वगैरे काही बघत बसायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

हे चालू असताना एका रात्री मी स्वतःवर प्रयोग केला. वय ४६. रोज सकाळी मेहरूण तलावाला चालायला जाते, स्वतःला फिट समजते. एका पायावर उभी राहिले, डोळे उघडे, ठीक, अर्धा मिनिट गेलं. डोळे मिटले, मनात एक, दोन, तीन, चार, आणि कपाट धरलं. परत केलं, पाच. लंगडीत सगळ्या मैदानाला पळवणारी पोरगी होते मी, आमच्या शाळेत मला बाद करता येत नाही म्हणून मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची. पण त्या पाच सेकंदांत पहिल्यांदाच लक्ष दिलं की खाली काय चाललंय. घोटा नुसता थरथरत असतो, चवड्याची बोटं फरशी धरायला बघतात, भार आत जातो, बाहेर जातो, एक क्षण काही शांत नसतं. थोडं हललं तर घोटा सांभाळतो, जास्त हललं तर कंबर मागेपुढे जाते, आणि त्याहून जास्त झालं की पाऊल आपोआप टाकलं जातं. फिजिओथेरपीत या तिन्हींना वेगवेगळी नावं आहेत आणि म्हाताऱ्या माणसाची खरी गोम तिसऱ्यात असते, पाऊल टाकायला उशीर होतो, किंवा पाऊल इतकं छोटं पडतं की उपयोग नसतो. आपण मराठीत तोल जातो म्हणतो आणि तोल सावरला म्हणतो. उभं राहणं म्हणजे हेच दोन्ही सारखं चालू असणं, फक्त ठीक चालू असलं की कळत नाही.

आणि हो, नुसतं चालणं म्हणजे तोलाचा व्यायाम नाही, हेही मला तेव्हाच कळलं. तलावाला गोल गोल चकरा मारून माझं वजन जरा आटोक्यात राहिलं असेल, पण त्याने घोट्याला काही शिकवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस असं वेगळं लिहिलेलं आहे. आपल्याकडे डॉक्टर "चालत जा" एवढंच म्हणतात आणि आपण मान हलवतो.

आता व्यायाम. पहिल्या दिवशी आबांनी ते बघितले आणि म्हणाले, "मी काय ल्हान पोऱ्या शे का?" कारण ते होतेच तसे. खुर्चीवरून हात न टेकवता उठायचं, बसायचं, दहा वेळा. ऐकायला काहीच नाही. आबांना पहिल्या दिवशी तीन वेळा जमलं, चौथ्याला मांड्या थरथरल्या आणि ते खुर्चीत धपकन पडले, मग त्यांचं हसणं बंद झालं. मग स्वयंपाकघराचा ओटा धरून चवड्यांवर उभं राहायचं, टाचा वर. मग टाचांवर, चवडे वर. ओट्याला तोंड करून खेकड्यासारखं आडवं चालायचं, गॅसपासून फ्रिजपर्यंत आणि परत. ओटा धरायचा तोही आधी दोन्ही हातांनी, मग एका, मग दोन बोटांनी, मग एका बोटाने. शेवटी बोट ओट्याच्या वर नुसतं तरंगत ठेवायचं. एक बोट टेकलं तरी तोलात केवढा फरक पडतो हे तुम्ही करून बघा. बोट काही माणसाचं वजन धरत नाही, ते फक्त खबर देतं.

मग पायांच्या जागा बदलायच्या. आधी पाय जवळ जवळ, मग एक पाय अर्धा पुढे, मग टाचेला चवडा लावून एका रेषेत, मग एका पायावर. प्रत्येक पायरीवर दहा सेकंद टिकले तर पुढची. आबा तिसऱ्या पायरीला अडकले, एका रेषेत पाय, तीन सेकंद. ही रेष म्हणजे आमच्या हॉलमधल्या दोन फरश्यांमधली फट. पुढे महिनाभर आबा त्या फटीवरून टाच-चवडा टाच-चवडा चालले. मी मागे. तिने सांगितलं होतं की दंडाला धरू नका, दंडाला धरलं की माणूस तुमच्यावर तोल टाकतो, कमरेला उपरणं घट्ट बांधा आणि मागून तिथे हात ठेवा, लागलं तरच धरा. हे "लागलं तरच" फार अवघड. माझा हात सारखा मूठ वळायचा. ती ओरडायची, ताई, सोडा, हलू द्या त्यांना! हलले नाहीत तर शिकणार कसे? सगळ्या व्यायामाचं मूळ एवढंच होतं, की माणसाला पडण्याच्या काठापर्यंत न्यायचं आणि पडू द्यायचं नाही. आम्ही वर्षभर त्यांना काठापासून दहा फूट लांब बसवून ठेवलं होतं.

सेंटरवर फोमची जाड गादी होती, तिच्यावर उभं राहायचं, म्हणजे पायांची खबर आणखी गोंधळते आणि कान-डोळ्यांना जास्त काम पडतं. घरी फोम कुठला. आईने लुगड्यांची गोधडी पाठवली होती, तिची आठ पदरी घडी, भिंतीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची. कोपरा यासाठी की मागे आणि बाजूंना पडायला जागाच नाही. त्या घडीवर आबा उभे आणि मी त्यांना डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर पंखा, खाली पाय. नंतर नंतर त्यांनाच मजा यायला लागली. गोधडीत एक हिरवा तुकडा होता आईच्या जुन्या लुगड्याचा, आबा मुद्दाम त्याच्यावर पाय द्यायचे नाहीत.

एक गोष्ट मी आधीपासून बघत होते पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. आबा चालताना बोलायला लागले की थांबायचे. रस्त्यात कोणी भेटलं, काही विचारलं, की आधी उभे राहणार मग उत्तर देणार. आम्हाला वाटायचं जुनी माणसं, अदबशीर, चालता चालता उत्तर देणं त्यांना बरं वाटत नाही. फिजिओ म्हणाली, अदब नाही, त्यांना दोन्ही एकदम जमत नाही. चालण्यालाच सगळं लक्ष लागतं, बोलायला उरत नाही. १९९७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या लोकांवर हेच पाहिलं होतं, बोलताना चालायचं थांबणारी माणसं पुढच्या काही महिन्यांत जास्त पडली. मला एकदम तो बांध आठवला, डोक्यावर घड आणि मागच्या माणसाशी गप्पा.

तर त्याचापण व्यायाम असतो. चालायचं आणि डोक्याला काम द्यायचं. शंभरातून सात सात वजा करा असं तिने सांगितलं, आबांना ते आवडलं नाही, सुरूच करायला तयार नाहीत. मग मी म्हटलं, चोपड्याहून जळगावला येताना गावं कोणती लागतात ती सांगत चाला. अडावद, धानोरा, विदगाव, जळगाव. हे झालं की उलटं, जळगावहून चोपडा. मग मधली छोटी गावं, मग प्रत्येक गावात आपलं कोण आहे ते. विदगावला तापीचा पूल आला की आबा दर वेळी थांबायचे, हॉलच्या मधोमध, आणि कुठल्यातरी पुराची गोष्ट सुरू करायचे. थांबायचं नाही आबा, पूल चालतच ओलांडायचा! दीड महिन्याने एक दिवस त्यांनी पूल चालत ओलांडला, गोष्टीसकट.

कोऑर्डिनेशन म्हणजे हातपाय एकमेकांच्या हिशोबाने हलणं, त्याचे व्यायाम वेगळे. खुर्चीत बसून एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेषेत न्यायची. अंगणात खडूने खुणा करून नेमकं त्या खुणेवरच पाऊल ठेवायचं, नजर ठेवून, सावकाश, मोजून. यातले बरेच स्वित्झर्लंडच्या हाइनरिख फ्रेंकेल नावाच्या डॉक्टरांचे. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. एका रोग्याला नाकाला बोट लावायची परीक्षा जमली नाही. तो बिचारा परीक्षेत नापास झालो म्हणून घरी जाऊन त्याचीच प्रॅक्टिस करत बसला, आणि काही महिन्यांनी परत आला तर चक्क जमलं. डॉक्टरांच्या डोक्यात आलं, रोग तर तसाच आहे, मग हे सुधारलं कसं? तिथून हे व्यायाम निघाले. माझा अंदाज, तो माणूस चांगलाच मानी असणार. आबांच्या जातकुळीतला.

मधे आईचं एक प्रकरण झालं. तिचा फोन, "पलंग फिरस माय!" कुशीवर वळली की अख्खी खोली फिरते, अर्ध्या-एक मिनिटात थांबते, उठून बसली की ठीक. मी तर आधीच हबकलेली, म्हटलं आता हिचेपण पाय गेले. तिला जळगावला आणलं. फिजिओने तिला टेबलावर बसवून मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं आणि तिचे डोळे बघितले, बुबुळं गर गर फिरत होती. म्हणाली, हे आबांसारखं नाहीच. कानातल्या पिशवीत कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते सुटून नळीत गेलेत. मग डोकं ठराविक क्रमाने चार बाजूंना वळवून ते खडे परत जागेवर सरकवायचे, एप्ली म्हणतात त्याला, अमेरिकेतल्या जॉन एप्ली डॉक्टरांच्या नावावरून. दोन वेळा केलं, आईची खोली थांबली. पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती निंबाच्या झोक्यावर बसली आणि गाणंपण म्हणाली. म्हणजे एकाच घरात दोन माणसं, दोघांच्या फाईलवर चक्कर, एकाला गोळी नको होती आणि दुसरीला पण नको होती.

कानाचं यावरून आठवलं. उन्हाळ्यात आम्ही विहिरीत पोहायचो, उडी मारली आणि एका कानात गार पाणी गेलं की वर आल्यावर काठ गोल फिरायचा, मोठी माणसं म्हणायची ऊन लागलं. रॉबर्ट बारानी नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांना रोग्यांचे कान पाण्याने धुताना हेच दिसलं, पाणी गार किंवा गरम असलं की डोळे हलतात आणि गरगरतं, अंगाएवढं कोमट असलं की काही नाही. त्यावर काम करून त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, आणि जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. आम्हाला विहिरीवर नुसत्या शिव्या मिळाल्या.

तीन महिन्यांनी हिशोब केला. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ही एक साधी टेस्ट, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आबांना पहिल्या दिवशी १९ लागले होते, आता १३. एका रेषेत पाय तीन सेकंदांवरून अकरा. ट्यूनिंग फोर्क मात्र अंगठ्यावर अजूनही मुका. गेलेल्या नसा काही फार परत आल्या नाहीत, उरलेल्या खबरीवर भागवायला शरीर शिकलं, एवढंच. आणि मांड्यांत जोर आला.

मग दिवाळीत गावी गेले आणि परत पडले. रात्री लघवीला उठले आणि लाईट गेली. अंधार, म्हणजे परत तोंडाला साबणच. आम्ही सगळे एवढे हुशार झालेलो आणि रात्रीच्या दिव्याचा विचार कोणी केला नव्हता. भावाने फोन केला तेव्हा मला वाटलं संपलं सगळं, तीन महिने पाण्यात. पण लागलं नव्हतं फारसं. आणि भाऊ धावत जाईपर्यंत आबा उठून बाजेवर बसलेले. खाली पडल्यावर उठायचं कसं हेपण तिने शिकवलं होतं, आधी कुशीवर वळायचं, मग रांगत घोडा व्हायचं, मग खुर्ची किंवा बाज जे जवळ असेल तिथपर्यंत रांगायचं, तिच्यावर हात, मग एक पाऊल पुढे, मग उठायचं, घाई नाही. आम्ही ते सतरंजीवर पाच-सहा वेळा करून घेतलं होतं आणि आबांना त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा, पडायची तालीम कशाला करायची म्हणून. आता घरात लाईट गेली तरी पेटता राहणारे बल्ब लावलेत तीन ठिकाणी, मोरीत धरायला दांडी, आणि तोंड धुवायला स्टूल. स्टुलावर ते बसत नाहीत. दांडी धरतात, दोन बोटांनी.

जानेवारीत शेतावर भरीताचा बेत होता. काट्याकुट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास, मिरच्या लसूण बडवायचा आवाज, पोरांचा गोंधळ. आबा म्हणाले नवीन लावलेली केळी बघून येतो. भाऊ उठला, मी म्हटलं तू बस, मी जाते. कमरेला उपरणं बांधलेलं होतंच. पाटाच्या बांधाशी आलो, बांध आता जरा रुंद केलाय पण बांधच तो. आबा पुढे, मी मागे, माझा हात उपरण्याजवळ. मधे एका जागी ढेकूळ होतं, आबांचा उजवा पाय त्याच्यावर पडला, अंग डावीकडे गेलं, माझी मूठ वळायला लागली तोवर त्यांचा डावा पाय बाहेर पडलेला होता, चांगला लांब, पाटाच्या काठावर घट्ट. आणि ते बोलत होते. यंदा भाव काय निघेल, मागच्या वर्षी याच सुमाराला व्यापाऱ्याने कसं फसवलं, गेले दोन मिनिटं हेच चालू होतं, आणि ते मधे थांबलेच नाहीत. पाऊल पडलं, परत बांधावर आलं, आणि व्यापाऱ्याची गोष्ट तशीच पुढे.

त्या टोकाला पोचल्यावर त्यांनी उपरण्याची गाठ सोडली, त्याने तोंड पुसलं आणि खांद्यावर टाकलं. "आते हाई राहू दे," म्हणाले, आणि परत फिरले. मी मागे, हात तसाच पुढे, आता धरायला काही नव्हतं.